किटलीतलं लाल ऑईल

मी एका गाडीच्या स्टिअरिंगमध्ये चुकीचं ऑईल ओतलं आणि त्याचा दोष दुसऱ्या माणसावर जाऊ दिला. ऑईल ओतलं ती चूक होती. दोष जाऊ दिला ती चूक नव्हती. ते मी दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, समजून केलं.

संपादकांनी ‘गॅरेजमधले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी गमतीजमतीच लिहायला बसलो होतो. इंजिनाशेजारी सापडलेलं मांजराचं पिल्लू, वरातीत बंद पडलेली नवरदेवाची गाडी वगैरे. चार पानं झाली आणि हात थांबला. लिहिलेलं सगळं खरं होतं. पण ज्या गाडीची आठवण झाल्याशिवाय गेल्या सहा वर्षांत मी एकही बॉनेट उघडलेलं नाही, ती गाडी त्यात कुठेच नव्हती. ती पानं बाजूला ठेवली. आता तिच्याबद्दलच लिहितो.

माझं गॅरेज नाशिकला दिंडोरी रोडवर आहे. वय बावन्न. शाळा सुटली तेव्हा हातात पाना आला, तो अजून आहे.

गाड्यांची माहिती नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. जड गाडीचं स्टिअरिंग नुसत्या हाताने फिरवायचं तर खांद्यातून जोर लावावा लागतो. तो कमी लागावा म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. एका टाकीतलं ऑईल तो जोरात ढकलतो आणि तुम्ही स्टिअरिंग वळवलं की तेच ऑईल तुमच्या हाताला मदत करतं. ती टाकी जेमतेम तांब्याएवढी असते. पण तिच्यातलं ऑईल सगळ्या गाड्यांना एकच चालत नाही. पुष्कळ गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल चालतं. काहींना वेगळं लागतं. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांना हिरवं सिंथेटिकच लागतं. फरक नुसता रंगाचा नसतो. पंपाच्या आत रबराची सीलं असतात आणि त्या रबराची आणि ऑईलची पत्रिका जुळावी लागते. नाही जुळली तर रबर फुगतं नाहीतर कडक होतं, हवा आत शिरते, ऑईलला फेस येतो आणि पंप ओरडायला लागतो. फेसाला जोर नसतो. म्हणजे वळणावर हाताला मदत मिळायला हवी तेव्हा मिळत नाही, आणि मिळते ती एकदम, झटक्याने.

मग कोणत्या गाडीला कोणतं ऑईल हे कसं ओळखायचं? ओळखायचंच नाही. वाचायचं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तकात असतं. माझे उस्ताद मालेगावचे. मी कामाला लागलो त्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं होतं, “बेटा, पहले ढक्कन पढ़, फिर ढक्कन खोल.” मी बरीच वर्षं झाकणं वाचली. मग मला नाव मिळालं आणि वाचणं सुटलं.

नाव मिळालं त्याची गोष्ट आहे. मालेगावकडचे एक यंत्रमागवाले गाडी घेऊन आले होते. दोन गॅरेजं हिंडून वैतागलेले. म्हणाले, “काय व्हयनं शे समजत नही मिस्तरी. गाडी वयताना बकरीनी मायक वरडस.” वळताना बकरीसारखी ओरडणाऱ्या त्या गाडीच्या स्टिअरिंगच्या टाकीत मी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. मग ते बोट पाण्याच्या ग्लासात बुडवलं. ऑईल असतं तर वर तरंगलं असतं. हे पाण्यात विरघळलं. कोणीतरी स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑईल घातलं होतं! पंप वाचला नाही, पण तो कशाने गेला हे मी अर्ध्या मिनिटात सांगितलं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर. त्या दिवसापासून दिंडोरी रोडवर मी ‘बोटवाला मिस्त्री’ झालो. लोक बाटल्यांत ऑईल घेऊन यायचे, “बोट लावून सांगा” म्हणायचे. मी सांगायचो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. हे बहुतेक वेळा बरोबर निघणंच पुढे घातक ठरलं.

सिन्नरचे एक निवृत्त मास्तर यायचे. ते झाकण काढून चष्म्यासमोर धरायचे, एकेक अक्षर वाचायचे आणि माझ्या हातातल्या डब्यावरच्या अक्षरांशी ताडून पाहायचे. मला राग यायचा. एकदा म्हणालो, “मास्तर, पेपर तपासताय का?”

ते मान वर न करता म्हणाले, “तुमचाच तपासतोय.”

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते आवडलं नव्हतं.

आता किटलीबद्दल. नवरात्रात आमच्या भागातून शेकडो गाड्या वणीला, सप्तशृंगीच्या गडाकडे जातात. आम्ही तीन-चार गॅरेजवाले घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला मांडव घालतो आणि गडाला जाणाऱ्या गाड्या फुकट तपासून देतो. या शिबिराला आम्ही सेवा म्हणतो. कोणी ब्रेक बघतो, कोणी हवा, कोणी दिवे. स्टिअरिंगचं ऑईल माझ्याकडे असायचं. काही गाड्यांची टाकी इतकी आत दडलेली असते की नरसाळं पोहोचत नाही, म्हणून मी एका चहावाल्याची जुनी ॲल्युमिनियमची किटली घेतली होती. लांब तोंडाची. तिच्यात लाल ऑईल भरून मी रांगेतून फिरायचो. बॉनेट उघडं दिसलं की टाकीत बोट, बोट नाकाला, मग किटलीची धार.

ड्रायव्हर ओरडायचे, “मिस्त्री, आम्हालाबी एक कटिंग!”

मी म्हणायचो, “आधी गाडीला पाजतो, मग तुला.”

सगळ्या गाड्यांना एकच किटली. आज हे लिहिताना हात जड होतो. तेव्हा मात्र मला मी अन्नछत्रातल्या वाढप्यासारखा वाटायचो.

तात्यांची गाडी त्या वर्षी पहिल्यांदाच रांगेत होती. तात्या मखमलाबादकडचे, झेंडू आणि भाजीपाला पिकवणारे. त्यांनी परदेशी बनावटीची एक मोठी गाडी जुनी विकत घेतली होती, आई गाडीत आरामात बसावी म्हणून. आईंना सगळे माई म्हणतात. शिबिराचा नारळ दरवर्षी माईच फोडायच्या. गाडीवर ड्रायव्हर होता किसन. पेठकडचा, तात्यांकडे दहा-अकरा वर्षं असलेला. आधी त्यांची पिकअप चालवायचा. गाडी पुसताना तो बॉनेटच्या आतूनही पुसायचा, असे ड्रायव्हर मी फार पाहिलेले नाहीत.

मी टाकीचं झाकण काढलं. ऑईल निम्म्याच्या खाली होतं. ते का कमी झालं, कुठून गळतंय, हा पहिला प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मागे हॉर्न वाजत होते. बोट बुडवलं तर ऑईल जुनं, काळपट. वास ऑईलचाच. मी किटली उचलली.

किसन शेजारी उभा होता. म्हणाला, “मिस्त्री, या गाडीचं तेल येगळं आसंल का? मी पुसताना बगितलं, हिरवं दिसतं.”

“जुनं झालं की कसलंही दिसतं.”

“झाकनावर कायतरी लिवलंय. मला विंग्रजी येत नाय. तुमी बगा ना.”

मी चार माणसांकडे बघून म्हणालो, “किसन, बोटवाला मिस्त्री मी का तू?”

हशा झाला. किसनही कसानुसा हसला आणि मागे सरकला. मी टाकी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि पुढच्या गाडीकडे गेलो. झाकण सगळा वेळ माझ्या डाव्या हातात होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी किसनचा फोन आला. “मिस्त्री, वळताना घूं घूं आवाज करतीय. आन मधीच जड लागतंय.”

मी एका गाडीखाली झोपलेलो होतो. फोन कानाशी धरून म्हणालो, “झेंडूचा सीझन आहे, तात्या दोन दिवस गाडी सोडणार आहेत का? दिवाळी झाली की घेऊन ये.”

“चालंल ना तवर?”

“चालेल रे. हळू चालव.”

नवरात्रात घाटात खाजगी गाड्या सोडत नाहीत, खाली नांदुरीलाच थांबवतात. माईंना गर्दी झेपत नाही, म्हणून त्या दसरा-दिवाळीच्या मध्ये, रस्ता मोकळा झाला की जातात. त्या वर्षीही गेल्या. गाडीत दोघंच, माई आणि किसन. दर्शन झालं. उतरताना एका वळणावर गाडी कठड्यावर जाऊन आदळली.

मी तिथे नव्हतो. किसनने तात्यांना सांगितलं ते असं की वळण आलं तेव्हा स्टिअरिंग दगडासारखं झालं. त्याने दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने ओढलं, आणि ओढत असतानाच ते एकदम हलकं झालं. गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळली. कठडा दगडी होता म्हणून टिकला. पलीकडे काय आहे हे त्या घाटातून गेलेल्याला सांगायला नको. माईंचा उजवा हात दोन सीटांच्या मध्ये सापडून मनगटाच्या वर मोडला. नंतर तो जोडला गेला, पण वाकडाच.

तिथे जमलेल्या लोकांनी ठरवून टाकलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. तात्यांनाही तेच पटलं. सीझनमध्ये किसन पहाटेच फुलबाजारात झेंडू पोहोचवून यायचा, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेनने गाडी माझ्या दारात आणली. डावा मडगार्ड, दिवा आणि बंपर गेले होते, चाकं शाबूत होती. मी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, त्या गाडीचं झाकण अंगठ्याने पुसून वाचलं. फक्त अमुक ऑईलच वापरा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आत बघितलं. दुधाळ तपकिरी फेस होता, बिघडलेल्या चहावर येतो तसा.

माझ्याकडच्या दोन्ही कारागिरांना मी जेवायला पाठवलं. शटर अर्धं ओढलं. टाकीतलं सगळं एका डब्यात काढलं. द्वारका चौकाच्या बाजूच्या दुकानातून बरोबर ऑईलचे डबे आणले, हिरवं, झाकणावर लिहिलेलं. स्टिअरिंगचं यंत्र त्या ऑईलने दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा भरलं. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून हवा काढली. शेवटी झाकण फडक्याने पुसलं. हे सगळं मी इतकं नीट केलं! यातलं फक्त पहिलं, वाचायचं काम शिबिराच्या दिवशी केलं असतं तर बाकीचं काहीच करावं लागलं नसतं. डब्यातला तो फेस मी मागच्या जळक्या ऑईलच्या ड्रममध्ये ओतला. ओतताना मी रस्त्याकडे बघत होतो. चोर बघतो तसं.

पाच वाजता तात्या आले. मागून किसन. त्याच्या कपाळावर पट्टी होती. तो आत आला नाही, शटरपाशी उभा राहिला.

तात्या म्हणाले, “शेखर, मला फिरवून सांगू नको. हा म्हणतो स्टिअरिंग जड झालं. झालं असेल का?”

मी म्हणालो, “बसून बघा.”

तात्या बसले. मी गाडी चालू केली. त्यांनी एका हाताने स्टिअरिंग फिरवलं, मग दोन बोटांनी. ते लोण्यासारखं फिरत होतं. त्यांनी किसनला हाक मारली. “ये. तू फिरव.”

किसन बसला. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. मग पुन्हा. मग तो उतरला, पुढे आला आणि उघड्या बॉनेटमध्ये बघत राहिला. त्याची नजर कुठे आहे ते मला दिसत होतं. ती झाकणावर होती. घाटातली धूळ बसलेल्या इंजिनात ते एकटंच चकचकीत होतं.

“बोल ना,” तात्या म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. “मिस्त्री, मी फोन केला व्हता ना तुमाला?”

मला वाटलं, आता सांगावं. अजून सांगता येईल. तात्या शिव्या देतील, गाडी दुसरीकडे नेतील, रस्ताभर बोभाटा होईल. होऊ दे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “आवाज येतो म्हणाला होता. पट्टा ढिला असला की येतो. त्याने असं होत नाही.”

“म्हणजे गाडीत दोष नव्हता?”

“नाही तात्या.”

दोन शब्द. किसनने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली, तात्यांच्या हातात दिली आणि गेला. तात्यांनी त्याला कामावरून काढलं असं म्हणता येणार नाही. त्याने किल्ली दिली आणि त्यांनी घेतली.

आठ दिवसांनी मी माईंना भेटायला गेलो. न जाणं लोकांच्या नजरेत आलं असतं म्हणून गेलो. त्यांचा हात गळ्यात बांधलेला. त्या म्हणाल्या, “शेखर, अरे तो झोपला नव्हता. पोरगी आश्रमशाळेत पहिली आली ते मला सांगत होता. अर्धं वाक्य झालं आणि गाडी आदळली. झोपलेला माणूस असं बोलतो का?”

तात्या म्हणाले, “आई, तुला सगळेच चांगले दिसतात. मिस्त्रीने गाडी तपासली ना.”

माई माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहा संपवला.

ड्रायव्हरची बदनामी किती लवकर पसरते ते आमच्या धंद्यात असल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीमालकाला आठवड्यात कळलं की घाटात डुलकी काढणारा तो हाच. किसनला परत कोणी गाडी दिली नाही. पुढे मला त्याचा पत्ताच लागला नाही. खरं सांगायचं तर मी लावलाच नाही.

गॅरेजमध्ये मी बदल केले. किटली पुढच्या शिबिरात आणली नाही. भिंतीवर तक्ता लावला, कोणत्या गाडीला कोणतं ऑईल. झाकण वाचून मोठ्याने बोलल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही असा नियम केला. सिन्नरचे मास्तर तो तक्ता बघून म्हणाले, “वा, सुधारलात की!” लोक माझं उदाहरण द्यायला लागले, काम कसं करावं तर शेखर मिस्त्रीसारखं. तात्यांनी तर मला आणखी दोन गिऱ्हाइकं आणून दिली. प्रत्येक कौतुकाबरोबर मी आणखी अडकत गेलो. आणि दर शिबिराला माई येत राहिल्या. उजव्या हाताला आता जोर नाही, म्हणून नारळ डाव्या हाताने फोडतात. एका फटक्यात फुटत नाही. दोन, तीन, कधी चार फटके लागतात. सगळे टाळ्या वाजवतात. मी फटके मोजतो.

आता तर नव्या गाड्यांना हे ऑईलच नसतं. स्टिअरिंगला विजेची मोटर असते, टाकी नाही, झाकण नाही, वाचायचं काही नाही. ज्या एका गोष्टीत मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला शिकलो तीच संपत चालली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी सिन्नरला मास्तरांची गाडी पोहोचवून तिथल्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी कामासाठी घेऊन परत येत होतो. औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर माणसं जीपची वाट बघत उभी होती. त्यांत किसन होता. केस पांढरे झालेले, हातात डबा. मी पुढे गेलो. दोनशे फूट गेलो असेन. मग गाडी मागे घेतली.

“किसन, नाशिकला का? बस.”

त्याने मला ओळखलं. मागचं दार उघडून मागे बसला.

मी म्हणालो, “पुढे ये की.”

“नको. मी फुडं बसत नाय. जीपमधीबी मागंच बसतो.”

तो एका कारखान्यात खोकी बांधायचं काम करत होता. पोरगी नर्सिंगला आहे म्हणाला. आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. रस्ता सरळ होता, तरी माझी बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. नाशिक जवळ येत होतं आणि मला कळत होतं की आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. शेवटी गाडी कडेला घेतली. मागे न बघता, समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. झाकण, फेस, डबे, ड्रम.

तो शांतपणे म्हणाला, “म्हाईत हाय.”

“काय?”

“त्याच दिशी कळलं. झाकन पुसल्यालं व्हतं. आन कडंला तेलाचा थेंब व्हता. हिरवा.”

“मग बोलला का नाहीस?”

तो पहिल्यांदा थोडा हसला. “माजं कोन आयकनार व्हतं मिस्त्री? लोक तुमचं बोट आयकत्यात.”

मी म्हणालो, “मला माफ कर.”

“ह्ये मला सांगून काय व्हनार? मला तं म्हाईतच व्हतं. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगा. तात्यांना. त्या रस्त्याला. मी झोपलो नव्हतो, ह्ये तिथं सांगा.” मग दाराला हात लावून म्हणाला, “हितंच उतरतो. जीप येल मागून.”

उन्हात तो उतरला.

तरीही मी तीन-साडेतीन महिने घालवले. रोज ठरवायचो, तात्यांना फोन लावायचो आणि भलतंच बोलून ठेवून द्यायचो. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “त्याच्या पोरीला काय वाटत असेल हो, बापाबद्दल?” हा विचार मला सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

घटस्थापना जवळ आली तेव्हा सिन्नरच्या त्या कारखान्याच्या दारावर जाऊन मी किसनला गाठलं. शिबिराला ये म्हटलं. तो म्हणाला, “बगतो.”

शिबिराच्या दिवशी नेहमीसारखा मांडव, नेहमीसारखी रांग. तात्या होते, त्यांचा नवा ड्रायव्हर होता. माई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने नारळ फोडला. तीन फटके लागले. टाळ्या झाल्या. गाड्यांचे नंबर पुकारायला माईक असतो. तो मी हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

मागून कोणीतरी ओरडलं, “मिस्त्री, नंबर सांगा! का झोप लागली?”

त्यावर हशा झाला. त्याच वेळी मला रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या सावलीत, किसन दिसला. हातात तोच डबा. तो रस्ता ओलांडत नव्हता.

मी म्हणालो, “नंबर सांगण्याआधी एक सांगायचंय. तात्या, माई, तुम्हीही ऐका.” माईकमध्ये माझा आवाज मलाच परका वाटत होता. “सहा वर्षांपूर्वी याच मांडवात मी तात्यांच्या गाडीत चुकीचं ऑईल घातलं. झाकण वाचलं नाही. त्या गाडीच्या ड्रायव्हरने वाचायला सांगितलं होतं, तर मी सगळ्यांसमोर त्याची चेष्टा केली. तुमच्यातले काही जण तेव्हा हसले होते.”

एकेक इंजिन बंद व्हायला लागलं.

तात्या पुढे आले. “शेखर, काय बोलतोयस तू? कळतंय का?”

माईंनी चांगल्या हाताने त्यांची बाही धरली. “बोलू दे त्याला.”

“गाडी घाटात आदळली ती त्यामुळे,” मी म्हणालो. “नंतर ते ऑईल मी शटर ओढून बदललं, आणि तात्यांनी विचारलं तेव्हा दोष नव्हता म्हणून सांगितलं. दोष होता. तो मी घातलेला होता. माई, तुमचा हात माझ्यामुळे मोडला.”

मी माईक खाली ठेवला. रस्ता ओलांडून बसथांब्यापाशी गेलो. मांडवातली सगळी माणसं बघत होती, त्यांना ऐकू जावं म्हणून मला मोठ्याने बोलावं लागणार होतं. आयुष्यभर ज्याला अरेतुरे केलं त्याच्यासमोर मी हात जोडले.

“किसनभाऊ, तुम्ही झोपला नव्हतात. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी खोटं बोललो. तुमच्या हातातली गाडी मी काढून घेतली, तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा.”